शुक्रवार वेगळा, सोमवार वेगळा: आमच्या खानावळीचे सहा आलेख

गोव्यात म्हापशाला खानावळ चालवायची तर तारखेआधी वार बघावा लागतो. शुक्रवारी बाजार. पेडण्यापासून, डिचोलीपासून आणि बार्देशातल्या सगळ्या गावांतून माणसं येतात. मयड्याची केळी, हरमलची मिरची, चोरीस (गोव्याचं सॉसेज), मडकी आणि पावसाच्या तोंडावर पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायचं, सामान घेऊन दुपारी भुकेली होऊन आमच्या दारात उभी राहतात. सोमवारी बहुतेक हिंदू घरांत शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण, असतं, त्या दिवशी नुस्त्याच्या, म्हणजे मासळीच्या, थाळीला मागणी कमी. गुरुवारी दत्ताचे आणि साईबाबांचे भक्त नुस्तं खात नाहीत, शनिवारी मारुतीचे. मंगळवारीही काही जण शिवराक पाळतात. बुधवार मोकळा. रविवारी आमची खानावळ बंद.

हे आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. सासरे रोजमेळात तारखेच्याही आधी वार लिहायचे. मी लग्न होऊन या घरात आले, हळूहळू हिशेब माझ्याकडे आला आणि मी तो गूगल शीट्समध्ये उतरवायला लागले. रकाने चारच ठेवले: तारीख, नुस्त्याच्या थाळ्या, शिवराक थाळ्या आणि शेरा. रात्री गल्ला मोजून झाला की फोनवरच दोन आकडे टाकायचे. वर्षभराची नोंद हाताशी आल्यावर त्याचा आलेख काढला, तर समोर करवतीचे दात आले. वर, खाली, वर, खाली, डावीकडून उजवीकडे नुसते दात. त्यातून धंदा वाढतोय की उतरतोय, काहीच कळत नव्हतं.

असा आलेख दिसला की बहुतेक जण सात दिवसांची फिरती सरासरी काढतात. दात जातात, रेघ गुळगुळीत होते. बँकेच्या कर्जासाठी कागद जोडायचा असेल तर ती रेघ चांगली. पण माझा प्रश्न वेगळा होता: उद्या पहाटे मासळी बाजारात जाऊन किती बांगडे घ्यायचे? आमच्याकडे नुस्त्याच्या थाळ्या सोमवारी तीस-पस्तीस जातात, मंगळवारी सत्तर, बुधवारी नव्वद, गुरुवारी साठ, शुक्रवारी सव्वाशे आणि शनिवारी पासष्टच्या आसपास. सहा दिवसांची सरासरी येते चौऱ्याहत्तरच्या आसपास, पंचाहत्तरच धरू. पंचाहत्तर थाळ्यांचा दिवस आठवड्यात फार तर एखादा मंगळवार. त्या सरासरीवर मासळी आणली तर सोमवारी निम्म्याहून जास्त बर्फात राहील आणि शुक्रवारी दीड वाजता "नुस्तं सोंपलें" म्हणून गिऱ्हाईक परत पाठवावं लागेल. मासळी हा काही तांदूळ नव्हे. उरलेली दुसऱ्या दिवशी वाढायची आमच्या घरात पद्धत नाही आणि मलाही ते मान्य नाही.

म्हणून वारांचे आलेख वेगळे काढले. कसे, ते सविस्तर लिहिते. आठवडी बाजार असलेल्या गावात दुकान किंवा खानावळ चालवणाऱ्या कुणालाही हे घरी बसून करता येईल. सूत्रं शीटमध्ये इंग्रजी अक्षरांतच टाकायची असतात, इथे मी त्यांची नावं उच्चाराप्रमाणे देते.

सगळ्यात आधी तारखा तपासायच्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे घसरलं तर पुढचं सगळं सुंदर आणि खोटं निघतं. शीटची भाषा-प्रदेशाची मांडणी अमेरिकेची असेल तर ०५/०६/२०२५ ही तारीख ती ५ जून न समजता ६ मे समजते. ५ जून २०२५ हा गुरुवार होता आणि ६ मे मंगळवार. म्हणजे गुरुवारच्या थाळ्या गुपचूप मंगळवारच्या खात्यात जमा होतात आणि कुठेही लाल खूण दिसत नाही. १३/०६/२०२५ असं लिहिलं तर तेरावा महिना नसल्यामुळे शीट त्याला तारीखच मानत नाही, नुसता मजकूर समजते. ओळखायची खूण सोपी: खरी तारीख कप्प्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या तर समजायचं की महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांची उलटापालट झाली आहे. गूगल शीट्समध्ये फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये जाऊन प्रदेश भारत करायचा आणि हे पहिल्या दिवशीच करायचं. आधी भरलेल्या तारखा त्याने आपोआप सरळ होत नाहीत, त्या पुन्हा भराव्या लागतात.

मग वार काढायचा. त्यासाठी वीकडे नावाचं फंक्शन आहे. कंसात तारखेचा कप्पा द्यायचा, स्वल्पविराम आणि पुढे २. हा २ महत्त्वाचा. तो दिला की सोमवार १ आणि रविवार ७ असा क्रम मिळतो. न दिल्यास रविवार १ धरला जातो. आतलं गणित साधं आहे. शीटच्या पोटात प्रत्येक तारीख म्हणजे एक आकडा असतो, रोज एकाने वाढणारा. त्याला सातने भागून काय उरतं त्यावर वार ठरतो. मोबाइलमधलं कॅलेंडरही अखेर हेच करत असतं.

याच गणितामुळे एक खड्डा तयार होतो. तारखेचा कप्पा रिकामा असेल तर शीट त्याला शून्य समजते, आणि शून्य ही गूगल शीट्समध्ये ३० डिसेंबर १८९९ ही तारीख आहे. तो शनिवार होता. एक्सेलमध्येही शून्याचा वार शनिवारच येतो. परिणाम असा की सूत्र खालपर्यंत ओढलं तर खालच्या सगळ्या रिकाम्या ओळी शनिवार होऊन बसतात. शनिवारची संख्या अचानक शेकड्यांनी वाढलेली दिसली तर कारण बहुधा हेच. उपाय म्हणजे सूत्राच्या आधी इफ लावायचं: तारखेचा कप्पा रिकामा असेल तर उत्तरही रिकामं.

वाराचं नाव हवं म्हणून बरेच जण सरळ नाव लिहिणारं सूत्र वापरतात आणि मग पिव्होट टेबल, म्हणजे नोंदी गटांत मांडून बेरीज-सरासरी देणारा तक्ता, काढतात. गूगल शीट्स ती नावं अक्षरांच्या क्रमाने लावते. मराठी नावं असतील तर आठवडा असा दिसतो: गुरुवार, बुधवार, मंगळवार, रविवार, शनिवार, शुक्रवार, सोमवार. या क्रमात काढलेल्या आलेखातून आठवड्याचा चढउतार दिसणं शक्यच नाही. मी चूज फंक्शन वापरते. वीकडेकडून आलेल्या आकड्यावरून ते "१ सोम", "२ मंगळ", "३ बुध" अशी नावं उचलतं. आकडा पुढे असल्यामुळे क्रम कधी मोडत नाही.

पुढचा निर्णय शून्याचा. खानावळ बंद होती त्या दिवशी काय लिहायचं? शून्य लिहिलं तर सरासरी त्या शून्याला दिवस म्हणून मोजते. कप्पा रिकामा ठेवला तर मोजत नाही. चवथीत, म्हणजे गणेश चतुर्थीत, आम्ही बंद असतो. २०२५ ची चवथ २७ ऑगस्टला, बुधवारी होती. त्या बुधवारी शून्य लिहिणं म्हणजे बुधवारी कुणी जेवायला आलं नाही असं म्हणणं, आणि ते खरं नाही. दारच उघडलं नव्हतं. पण उघडं ठेवलं आणि पावसामुळे खरंच कुणी फिरकलं नाही, तर तिथे शून्यच लिहायला हवं. तो फरक शीटला कळत नाही, तो माणसानेच राखायचा.

इतकं झालं की पिव्होट टेबल. आडव्या ओळींत आठवडे, उभ्या रकान्यांत वार, मधल्या चौकोनांत थाळ्या. आठवड्यासाठी मी आठवड्याचा क्रमांक वापरत नाही, कारण जानेवारी लागला की तो क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतो आणि वर्षाच्या टोकाचा एक आठवडा दोन तुकड्यांत विभागला जातो. त्यापेक्षा प्रत्येक तारखेच्या आठवड्याचा सोमवार काढायचा: तारखेतून वीकडेचं उत्तर वजा करायचं आणि १ मिळवायचा. आता प्रत्येक आठवड्याला स्वतःची तारीख मिळाली आणि टेबल कितीही वर्षं लांबलं तरी ओळी मिसळत नाहीत.

या टेबलावरून दोन प्रकारचे आलेख निघतात. पहिला वारांच्या सरासरीचा, सहा उभे खांब. तो सगळेच काढतात. त्यातून शुक्रवार उंच आणि सोमवार बुटका हे दिसतं, जे आमच्या सासऱ्यांना चाळीस वर्षांपासून माहीत आहे. दुसरा आलेख मला खरा मोलाचा वाटतो: फक्त शुक्रवारांची एक रेघ, फक्त सोमवारांची दुसरी, असे सहा छोटे आलेख शेजारी शेजारी. फिल्टर फंक्शनला सांगायचं की ज्या ओळींचा वार ५ आहे तेवढ्याच दे, आणि त्यावर रेघेचा आलेख. सहाही रेघा एकाच चौकटीत घालून पाहिल्या, पण रंगीत दोऱ्यांचा गुंता झाला. वेगळे ठेवले की डोळा शांतपणे एकेक वाचतो.

वेगळे ठेवताना एक गोष्ट हाताने करावी लागते. शीट प्रत्येक आलेखाची उभी पट्टी त्याच्या त्याच्या आकड्यांप्रमाणे ताणते. सोमवारची पट्टी पन्नासवर संपते, शुक्रवारची दोनशेवर, आणि कागदावर दोन्ही वार सारखेच उंच दिसतात. सहाही आलेखांची किमान मर्यादा शून्य आणि कमाल मर्यादा एकच ठेवायची. चार्ट एडिटरमध्ये उभ्या अक्षाखाली दोन रकाने आहेत, तिथे आकडे टाकायचे. हे केल्याशिवाय वारांची तुलना कुणी करू नये, असं माझं ठाम मत आहे.

सहा आलेख एका कागदावर आले तेव्हा दिसलेली गोष्ट करवतीच्या दातांतही नव्हती आणि सरासरीच्या खांबांतही नव्हती. आठवड्याची एकूण विक्री वर्षभर जवळजवळ सपाट होती. पण शुक्रवारची रेघ सावकाश उतरत होती आणि बुधवारची सावकाश चढत होती. दोघी एकमेकींना झाकत होत्या. एकत्र आलेखाला सगळं स्थिर वाटत होतं, आणि आत आमच्या गिऱ्हाइकाची जातकुळी बदलत होती.

शुक्रवारच्या उतरणीचं कारण सासऱ्यांनी कागद पाहताच सांगितलं. पूर्वी बाजाराला आलेली माणसं परतीच्या बसची वाट बघत दुपारपर्यंत थांबायची. आता घरटी स्कूटर आहे. सकाळी येतात, पिशव्या भरतात आणि साडेअकरापर्यंत घरी जेवायला निघतात. बुधवारची चढण मात्र त्यांनाही नवी होती. माझ्या मते ती आसपासच्या दुकानांतल्या आणि कचेऱ्यांतल्या कामगारांची आहे. सोमवार-मंगळवार शिवराक झालं, गुरुवार पुढे आहे, मग मधल्या बुधवारी नुस्तं. हा अंदाज आहे, पण तो तपासायची सोय शीटमध्ये करता येते, त्याकडे शेवटी येते.

वार वेगळे केल्यावर शेरा हा रकाना बोलायला लागला. सगळे दिवस एकत्र असताना एखादा शुक्रवार पडला तर तो दातांत हरवून जायचा. शुक्रवारांच्या रांगेत तो लगेच नजरेत येतो आणि विचारावंसं वाटतं, त्या दिवशी काय होतं? १६ मे २०२५ चा शुक्रवार खाली आहे. त्या दिवशी संकष्टी होती. १८ एप्रिल २०२५ चा तर नावाचाच शुक्रवार, गुड फ्रायडे, त्या दिवशी बाजारच नव्हता. उलट त्याआधीचे शुक्रवार चांगले वर आहेत. ५ मार्चला राखेचा बुधवार झाला आणि उपासाचा काळ लागला. आमची कॅथलिक गिऱ्हाइकं त्या काळात शुक्रवारी मांस टाळतात आणि नुस्त्याच्या थाळीकडे वळतात. बाजार आणि हा नेम दोन्ही शुक्रवारीच येत असल्यामुळे ईस्टरआधीचे ते काही आठवडे आमच्यासाठी वर्षातले सगळ्यात धावपळीचे असतात. एक संकष्टी, एक गुड फ्रायडे आणि उपासाचे शुक्रवार या तिन्हींची एकच सरासरी काढणं मला पटत नाही. म्हणून वाराचा नेहमीचा आकडा हवा असतो तेव्हा मी सरासरीऐवजी मध्यक घेते, म्हणजे सगळे शुक्रवार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा. एखाददुसरा विचित्र दिवस त्याला फारसा हलवू शकत नाही. गूगल शीट्सच्या पिव्होट टेबलात तो पर्याय मिडियन या नावाने आहे.

सोमवारच्या आलेखात वर्षात एक टोक उंच वर जातं. मिलाग्रीस सायबिणीचं (मदर मेरीचं) फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या आठवड्यातला सोमवार, २०२५ साली ५ मे. सेंट जेरोमच्या चर्चमध्ये त्या दिवशी हिंदू आणि ख्रिस्ती दोघंही मेणबत्ती आणि तेल घेऊन रांगेत उभे असतात, कारण शिरगावची लईराई देवी आणि ही सायबीण बहिणी अशी आमच्याकडची श्रद्धा आहे. सोमवार असल्यामुळे हिंदू गिऱ्हाइकांना शिवराक हवं आणि फेस्त असल्यामुळे ख्रिस्ती गिऱ्हाइकांना नुस्तं. त्या दिवशी दोन्ही रकाने वर जातात. इतर सोमवारी खतखतें, मुगागाठी आणि अळसांद्याचं तोणाक पुरतं. त्या सोमवारी शिवराकाचा टोप दुप्पट लागतो आणि हुमणाचाही, म्हणजे माशांच्या कालवणाचाही, मोठा. २०२६ ला हेच फेस्त २० एप्रिलला येतं. तारखेने शोधायला गेलं तर सापडणार नाही, सोमवारांच्या रांगेत मात्र लगेच दिसतं.

मागच्या वर्षाशी तुलना करताना तर वार सोडून चालतच नाही. १५ ऑगस्ट २०२४ ला गुरुवार होता, २०२५ ला शुक्रवार. त्याच तारखेची तुलना केली तर गुरुवार आणि शुक्रवार एकमेकांसमोर येतात आणि खानावळ एका वर्षात दुप्पट झाली असं वाटतं. म्हणून वर्ष मागे जाताना मी ३६५ नाही, ३६४ दिवस वजा करते. ३६४ म्हणजे बरोबर ५२ आठवडे, वार तोच राहतो. श्रावण आणि चवथीसाठी हेही पुरत नाही. २०२५ ला श्रावण २५ जुलैला लागला. २०२६ ला अधिक मासामुळे तो ऑगस्टच्या मध्यावर गेला आणि चवथ १४ सप्टेंबरला. तेवढ्या दिवसांसाठी शेऱ्यात "श्रावण" लिहून ठेवते आणि श्रावणातल्या बुधवारची तुलना श्रावणातल्या बुधवारशीच करते. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी असते, त्या दिवसांचंही तसंच. तेव्हा नुस्तं महाग, थाळीत सुक्या बांगड्याची किसमूर जास्त, आणि थाळ्यांचा आकडा वेगळ्याच कारणाने हलतो.

महिन्यांच्या बेरजेबद्दल इथेच सांगते. मार्च २०२५ आणि मे २०२५, दोन्ही ३१ दिवसांचे. मार्चमध्ये सोमवार पाच, शुक्रवार चार. मेमध्ये शुक्रवार पाच, सोमवार चार, आणि रविवार एक कमी. वर दिलेले वारांचे आकडे (सोमवारचे पस्तीस धरून) नुसते गुणून बघा, मार्चला १,८८० थाळ्या येतात आणि मेला २,०३०. एकही नवं गिऱ्हाईक आलेलं नाही, चव बदललेली नाही, कॅलेंडरनेच दीडशे थाळ्या वाढवल्या. महिन्याच्या बेरजेवरून कामगारांना शाबासकी द्यायची किंवा त्यांच्यावर ओरडायचं, दोन्ही चुकीचं. आमच्या स्वयंपाकघरातल्या मावशींसमोर महिन्याचा आकडा मी ठेवतच नाही.

ज्यांची नोंद नुकतीच सुरू झाली आहे त्यांना सावध करते. दोन महिन्यांत शुक्रवार आठ-नऊच मिळतात. त्यात एक सण आणि एक मुसळधार पाऊस आला की उरतात सहा-सात. तेवढ्यावर रेघ चढते की उतरते हे ठरवू नये. तोपर्यंत ठिपके नुसते ठेवावेत, जोडू नयेत. रेघ ओढली की डोळ्याला दिशा दिसायला लागते, ती असो वा नसो.

आता हे सहा आलेख महिन्यातून एकदा छापून स्वयंपाकघराच्या दाराला लावते. खरेदी अजून सासरेच ठरवतात आणि मासळी बाजारात त्यांच्या नजरेला जे कळतं ते कुठल्याही रकान्यात मावणार नाही: बांगड्याचे डोळे, सुंगटांचा वास, वारा कुठून वाहतो. पण गुरुवारी रात्री ते कागदासमोर उभे राहून शुक्रवारची शेवटची चार टोकं बघतात आणि मग आकडा सांगतात. शुक्रवारची खरेदी त्यांनी थोडी उतरवली, बुधवारची वाढवली. बुधवारी दोन वाजेनंतर येणाऱ्यांना आता नुस्तं मिळतं.

बुधवारच्या चढणीचा अंदाज तपासण्यासाठी शीटमध्ये पाचवा रकाना घातला आहे, पार्सलचा. आधी बसून जेवणारे आणि डबा नेणारे एकाच आकड्यात जायचे. आता दोन्ही वेगळे लिहिते आणि बुधवारचा आलेख दोन रेघांचा काढते. वाढ पार्सलची निघाली तर हुमण नेण्यासाठी झाकणाचे डबे जास्त मागवावे लागतील आणि बारा वाजायच्या आत तळण सुरू करावं लागेल. बसून जेवणाऱ्यांची निघाली तर भिंतीलगत आणखी एक मेज टाकायची जागा नवऱ्याने मोजून ठेवली आहे. पावसाळाभर बुधवार जमा होऊ देत, मग ठरवू.